सहा नंबरचं पाणी

साहेबांनी मला पहिल्यांदा ‘तीन नंबर’ म्हटलं, तेव्हा मी कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. एखाद्या बाईला नंबर देणं हे काय बोलणं झालं? अकोल्याच्या बाहेर रेल्वेच्या साइडिंगला लागून आमचा कंटेनर डेपो होता. तिथं मालाचे कागद तपासायला मी नुकतीच लागले होते आणि अख्ख्या डेपोत बाई म्हणून मी एकटीच. साहेब माझ्या टेबलापाशी आले, थांबले, नाकानं दोनदा सूं सूं केलं आणि म्हणाले, “बाई, ॲसिटोन कुठी सांडलं?” मी सकाळी नखांचा जुना रंग पुसून आले होते. तसं सांगितल्यावर ते मान हलवत “तीन नंबर” असं पुटपुटत निघून गेले.

शेवटी रहीमभाईंनी मला समजावलं. रहीमभाई आमच्या हमालांचे मुकादम, मूळचे बाळापूरचे, साहेबांच्याच वयाचे आणि साहेबांशी बरोबरीनं भांडणारे एकमेव.

“ताई, बुरा नका मानू. साहेब सगळ्यांलेच नंबर देते. तीन नंबर म्हनजे पेट्रोल, थिनर, स्पिरिट. जल्दी पेटनारा माल.”

“म्हणजे मी पेटते?”

“पाहा, पेटल्या नं तुमी,” रहीमभाई म्हणाले.

भानगड अशी होती. रेल्वेनं कंटेनरमधून धोक्याचा माल पाठवायचा, तर त्याचे नऊ वर्ग असतात. स्फोटकं, वायू, पेटणारे द्रव, असे करत करत नवव्यापर्यंत. त्या त्या वर्गाचं चौकोनी चिन्ह, म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, कंटेनरच्या चारही बाजूंना लागलं पाहिजे. पाठवणाऱ्यानं आत काय आहे ते लिहून दिलं पाहिजे. आत ड्रम हलता कामा नयेत, म्हणून लाकडाच्या पाचरी मारल्या पाहिजेत. कोणत्या वर्गाशेजारी कोणता वर्ग चालत नाही, इंजिनापासून कोणता कंटेनर किती लांब ठेवायचा, या सगळ्याचे नियम आहेत आणि ते बघायला साहेब होते. त्यांनी ‘हं’ म्हटल्याशिवाय कंटेनर गाडीवर चढत नसे.

इथपर्यंत ठीक होतं. पण साहेबांनी ही विद्या मालापुरती ठेवली नाही. आमचे मॅनेजर एक नंबर, म्हणजे स्फोटक. “त्याईले आपटू नका, तापवू नका, आन् उन्हात ठेवू नका.” पुढारी दोन नंबर, दाबून भरलेला वायू. त्या वर्षांत वऱ्हाडात पुढाऱ्यांची ये-जा फार. कापसाचे दिवस वाईट होते, पेपरचं पहिलं पान मी वाचायचंच सोडून दिलं होतं, आणि पांढऱ्या गाडीतून कोणी ना कोणी उतरून पॅकेज जाहीर करून जायचं. साहेब रस्त्याच्या कडेला उभे राहून ती गाडी जाऊ द्यायचे आणि म्हणायचे, “व्हॉल्व ढिला हाये.”

पाच नंबरवर त्यांचा विशेष राग. “पाच नंबर सोता जळत नाई, बाई. तो दुसऱ्याले जळाले मदत करते.” आमचा कॅशियर पाच नंबर होता, आणि साहेबांचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. माझ्या मोठ्या आत्याला काय म्हणावं, हे मला लहानपणापासून सापडत नव्हतं. ते त्या दिवशी सापडलं. दिवाळीला माहेरी गेले तर आईला सांगून टाकलं, आणि आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

स्वतःला साहेब नऊ नंबर म्हणत. नऊ म्हणजे किरकोळ. बाकी कशातच बसत नाही, पण दुर्लक्षही करता येत नाही, असा माल. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मात्र त्यांनी नंबर दिला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, “घरी रूल लागू नाई.” काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हाव, लागू नाई म्हनते. त्याईच्या डब्यात लोनचं आन् दही शेजारी ठेवून पाह्य एक डाव.”

साहेब मूळचे अमरावतीच्या बाजूचे. दिसायला काही विशेष नाही. ठेंगणे, करड्या सफारीतले, खिशाला पेनं आणि पेनांच्या मध्ये थर्मामीटर. नाक मात्र देवानं हात सैल सोडून दिलेलं. ते आधी खोलीत यायचं आणि मागून साहेब. बोलणं पक्कं वऱ्हाडी; मुंबईचे अधिकारी आले की त्यांना वाटायचं, हे गृहस्थ आपल्यावर चिडलेत. “रूल असते,” ते म्हणत. “रूल बिमार पडत नाई, सुटीवर जात नाई, त्याची बदली होत नाई.” 

दसऱ्याला डेपोत क्रेनची पूजा व्हायची. हार, कुंकू, नारळ, सगळं साहेबांना मान्य. पण कापूर? “कापूर चार नंबर. यार्डात जाळता येत नाई.” मग दर दसऱ्याला क्रेन आत, देवाचा फोटो आत, आणि आम्ही सगळे फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहून आरती करायचो. कापूर फाटकाबाहेर पेटायचा. येणारे-जाणारे ट्रकवाले फाटकाला हात जोडून जायचे. पुढं पुढं त्यातल्या काहींनी बिनदसऱ्याचंही तिथं नारळ फोडायला सुरुवात केली.

ढेपेचं प्रकरण तर डेपोत अजूनही सांगतात. सरकीतून तेल काढल्यावर जी पेंड उरते ती ढेप. आमच्याकडे ढेप म्हणजे म्हशीचं पक्वान्न. ती खाऊनच दुधाला साय येते. एका तेलगिरणीच्या शेठनी ती परदेशी पाठवायला आणली, आणि साहेबांनी पोत्यात थर्मामीटर खुपसून सांगितलं, “चार नंबर. आपोआप पेटनारा माल. चिन्ह लावा, नाई तर वाळवून आना.”

शेठना वाटलं, साहेब चहापाण्याचं सुचवतायत. तसं नाही हे कळल्यावर ते जास्तच भडकले.

“साहेब, माही म्हैस रोज खाते. अजून पेटली नाई!”

“म्हैस बंद डब्यात घालून जहाजात नाई पाठवत तुमी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ टेम्पोत घालून म्हैस घेऊनच आले. फाटकासमोर तिला उतरवलं, पुढं घमेलं ठेवलं, आणि सगळ्या हमालांच्या साक्षीनं म्हशीनं ढेप खाल्ली. खाऊन झाल्यावर ऑफिसच्या पायरीवर तिनं आपलं मतही दिलं. साहेब शांतपणे बाहेर आले. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, पोत्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “हे गरम नाई. ते गरम हाये. म्हशीच्या पोटात चार कप्पे असते, शेठजी. माह्या कंटेनरात एकच हाये.” ढेपेत तेल आणि ओल राहिली, ती बंद डब्यात दाबून भरली आणि वर अकोल्याचं ऊन लागलं, की ती आतल्या आत तापत जाते, हे त्यांनी मग शेठना बसवून सांगितलं. शेठनी ढेप वाळवून पुन्हा आणली तेव्हा साहेबांनीच उभं राहून कंटेनर भरून घेतला. म्हैस मात्र त्या दिवसापासून डेपोच्या फाटकाशी येऊन उभी राहायची.

साहेब चुकायचेच नाहीत, असं समजू नका. चांगले चुकायचे. एकदा एका कंटेनरमधून ॲसिडचा, म्हणजे आठ नंबरचा, वास येतो म्हणून त्यांनी भरलेली गाडी थांबवून ठेवली. मॅनेजर एक नंबरला शोभेल असे फुटले. कंटेनर उघडला, तर आत कोण्या हमालानं विसरलेली लोणच्याची बरणी फुटलेली. साहेबांनी बोटावर मसाला घेऊन चाखला. “लोनचं आठ नंबरच असते,” एवढं बोलून ते ऑफिसात निघून गेले.

पण एक सांगायचं राहिलं. साहेबांनी कोणालाही, कधीही, सहा नंबर म्हटलं नाही. सहा म्हणजे विष. कवटी आणि हाडांचं चिन्ह. कॅशियरनं एकदा मॅनेजरांबद्दल गमतीनं म्हटलं, “हे तर सहा नंबर निघाले,” तर साहेब केवढे तरी चिडले. “मानसाले सहा नंबर म्हनू नोका. आजकाल घराघरात हाये तो. हसायची गोष्ट नाई ते.” आमच्यातल्या प्रत्येकाच्या गावात फवारणीच्या डब्याची एकतरी कहाणी होती. 

याच पायी त्यांचं एक खूळ होतं. हमालांच्या बायका फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे राखेनं घासून त्यात मीठ, तेल, डाळ ठेवायच्या. साहेबांनी फर्मान काढलं की, सगळ्यांनी घरचे असले डबे घेऊन यायचे. “रिकामा म्हनजे भरेलच समजा,” हे त्यांचं ब्रीदवाक्य. डबे आले, आणि साहेबांनी खिळा-हातोडी घेऊन एकेका डब्याच्या बुडाला भोकं पाडली. बायका फाटकाशी येऊन त्यांच्या नावानं बोटं मोडून गेल्या. मग कंपन्यांकडून दिवाळीला आलेले स्टीलचे डबे साहेबांनी कपाटातून काढले आणि त्यांना वाटले. ते कधी घरी नेलेच नव्हते. तरी एक बाई म्हणालीच, “आमचा डबा याच्यापेक्षा मोठा होता.”

आता रहीमभाईंच्या मुलीच्या लग्नाकडे येते.

बाळापूरचा तो सगळा खारपाणपट्टा. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं ते खारं. मुलीची, म्हणजे शबनमची, सोयरीक जुळली ती चांदूर बाजारच्या घरात. समधी, म्हणजे रहीमभाईंचे व्याही, संत्र्याचे व्यापारी, स्वतःच्या बागा, आणि विहिरीला अमृतासारखं पाणी. साखरपुड्याला ते बाळापूरला आले, चहाचा पहिला घोट घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “चाय में शक्कर डालते हो या नमक, भाई?”

सगळे हसले. रहीमभाईही हसले. पण ते त्यांना लागलं ते लागलंच. दुसऱ्या दिवशी डेपोत माझ्या टेबलापाशी येऊन बसले.

“ताई, आज मजाक हाये. उद्या पोरगी त्या घरात गेली, भाजीत मीठ जरा जास्त पडलं, का म्हनतीन, खाऱ्या पान्याची हाये. जिंदगीभर म्हनतीन. मले तेवढं नाई होऊ द्याचं.”

त्यांनी ठरवलं की, लग्नात वरातीला खाऱ्या पाण्याचा एक थेंबही लागता कामा नये. प्यायला गोडं, रांधायला गोडं, हात धुवायलाही गोडं. मे महिन्यात अकोल्याहून टँकर मिळवायला त्यांनी कोणाकोणाच्या ओळखी काढल्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक. डेपोत महिनाभर दुसरा विषय नव्हता. साहेबही रोज विचारायचे, “टँकर पक्का झाला का नाई बे?”

लग्नाच्या दिवशी आम्ही डेपोच्या जीपमधून निघालो. जीपमध्ये कोणी कुठं बसायचं, ते अर्थातच साहेबांनी ठरवलं. मी तीन नंबर आणि कॅशियर पाच नंबर, आम्ही शेजारी चालत नव्हतो. मध्ये आमचे म्हातारे हेडक्लार्क बसवले. ते गाडी सुरू होताच झोपत. गाडीत पेटत्या मालाच्या मध्ये रिकामा डबा जोडतात, तसं. कॅशियर त्यांच्या घोरत्या डोक्यावरून मला म्हणाला, “बाई, आज काय साडी नेसलात, आहेर जड असंल,” आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुढच्या सीटवरून आवाज आला, “अंतर ठेवा.”

साहेब कुठंही वेळेआधी पोचणार. आम्ही पोचलो तेव्हा वरात यायला अवकाश होता. मांडव सजला होता, रहीमभाई काझीसाहेबांना आणायला गेले होते. मी बायकांत जाऊन बसले. साहेब गॅसच्या सिलिंडरांना ऊन लागतंय का, ते बघायला मांडवामागं गेले. ते रीतसरच होतं. सिलिंडर दोन नंबर.

तेवढ्यात मागून त्यांची आरोळी ऐकू आली.

“हात लावू नोका! कोनी पानी घेऊ नोका!”

मी धावत गेले. मांडवामागं निळ्या ड्रमांची रांग होती; टँकर ती काठोकाठ भरून परत गेला होता. आणि प्रत्येक ड्रमावर, अगदी मध्यभागी, कोपऱ्यावर उभा चौकोन. त्यात कवटी, खाली हाडं, त्याखाली सहा. आमच्या हमालांनी कधी चिकटवली नसतील इतकी नीट चिकटवलेली. दोन बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता आणि पुन्हाही नाही.

“कोनं मांडले हे? कुठचे ड्रम हाये?”

कोणालाच माहीत नव्हतं. बिछायतवाला, म्हणजे मांडव आणि भांडी पुरवणारा, ताटं आणायला गेला होता. एक म्हातारी म्हणाली, “पानी तो मीठा है, साहब, मैंने पिया.” हे ऐकून साहेबांचा उरलासुरला धीर सुटला. त्यांनी पहिल्या ड्रमाला खांदा लावला आणि ढकलला. मग दुसरा. मग तिसरा. कोणी पुढं आलं की ओरडायचे, “दूर! दूर व्हा!” अकोल्याहून आलेलं ते गोडं पाणी काळ्या मातीत मुरत गेलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. मी नुसती उभी होते. अडवावं असं मलाही वाटलं नाही, कारण ती कवटी मलाही दिसत होती.

रहीमभाई आले तेव्हा शेवटचा ड्रम आडवा झाला होता. नवी शेरवानी, डोळ्यांत सुरमा, आणि समोर चिखल. साहेब त्यांना दम लागलेल्या आवाजात म्हणाले, “रहीम, वाचलो. सहा नंबरचे ड्रम होते.”

आणि त्यांच्या मागूनच बिछायतवाला ताटांची चळत घेऊन आला. त्यानं चळत खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला.

“अवो साहेब, हे काय केलं! ते तर मीच चिकटवेल हाये!”

“तू?”

“लग्नातून ड्रम चोरीले जाते, साहेब. दर सीझनले जाते. कवटी लावली तवापासून एक ड्रम गेला नाई. नवेकोरे ड्रम हाये ते. तुमच्याच डेपोची रद्दी घेतली मी, बंडलच्या बंडल होतं.”

साहेब वाकले. एका कवटीवर त्यांनी वीत ठेवली. मग ते हळूच खाली, चिखलातच बसले. मलाही ते बंडल आठवलं. छापखान्यानं पाठवलेली चिन्हं नियमापेक्षा दोन बोटं लहान निघाली, म्हणून साहेबांनीच ते अख्खं बंडल नाकारलं होतं. “लहान कवटी दुरून दिसत नाई,” असं म्हणून. नाकारलं ते रद्दीत गेलं, रद्दीतून बिछायतवाल्याकडे, आणि आज दुरून चांगली ठळक दिसली होती.

रहीमभाई साहेबांना एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते वळले आणि आचाऱ्याकडे गेले. आचारी म्हणाला, बिर्याणी विहिरीच्या पाण्यात करावी लागेल, मीठ घालणार नाही, मग बघू. प्यायचं काय? कॅशियरला जीप देऊन अकोल्याला पाण्याचे पाऊच आणायला पिटाळलं. पण तो परत येईपर्यंत वरात येणार होती. मे महिन्यातली वरात, तीही नाचत येणार.

साहेब उठले. रस्त्यावर गेले. नदीच्या वाळूतली टरबुजं भरून एक गाडा बाजाराला निघाला होता, तो त्यांनी तसाच मांडवात वळवून आणला. आचाऱ्याकडून सुरा घेतला, सफारीच्या खिशातून हातमोजे काढले, ते घातले आणि टरबुजं कापायला बसले. कोणी मदतीला गेलं तर हाकलून द्यायचे. चिखलानं भरलेली पॅन्ट, हातमोजे, आणि समोर लाल फोडींचा ढीग. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम आलं की फार पंचाईत होते.

वरात आली. घामानं निथळत समधी खुर्चीवर बसले. पुढं टरबुजाची फोड आली. त्यांनी इकडंतिकडं बघितलं.

“क्यों भाई, पानी नहीं है क्या?”

सगळा मांडव ऐकत होता.  काहीतरी सारवासारव करावी म्हणून रहीमभाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब पुढं आले, सुरा हातात तसाच. त्यांचं हिंदी म्हणजे वऱ्हाडीलाच घातलेली टोपी.

“पानी था जी. मस्त मीठा पानी. ये रहीम ने महीना भर धडपड करके लाया. मैंने सांडवाया.”

“आपने? किसलिए?”

मग साहेबांनी सगळं सांगितलं. कवटी, बंडल, दोन बोटं, रद्दी, काहीच लपवलं नाही. एक चिन्ह सोलून आणून दाखवलं. “चूक मेरी. नाकारेल चिन्ह फाडून टाकना पडता. मैंने फाड्या नहीं. इनका कुछ कसूर नहीं जी. लडकी का तो बिलकुल नहीं.” 

 समधी ते चिन्ह हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले. मुलाकडचे लोक एकमेकांकडे बघत होते. शबनमची आई पडद्याआडून डोकावत होती, तिनं माझा हात धरून ठेवला होता. समधींनी बिछायतवाल्याला बोलावलं.

“सच में चोर नहीं आता इससे?”

“एक बी ड्रम नहीं गया, सेठ.”

समधींनी खुर्ची साहेबांकडे सरकवली आणि आवाज खाली आणला. पण तो माणूस बाजारात लिलाव पुकारणारा. त्यांचा खालचा आवाजही मांडवाच्या टोकाला ऐकू जायचा.

“साहब, ऐसे पचास-साठ मिलेंगे क्या? संतरे के बगीचे में चोरों ने नाक में दम कर रखा है.”

 आणि मग इतका वेळ न बोललेले रहीमभाई बोलले.

“समधीजी, इनसे मत मांगो. कल को आपके बगीचे पे खोपडी देखी, तो सारे संतरे जमीन में गडवा देंगे!”

मांडवात हशा फुटला. समधी मांडीवर थापा मारत हसत होते. साहेब तेवढे हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, “गाडावंच लागन,” आणि मग तर वरातीतले ढोलवालेही हसायला लागले. शबनमच्या आईनं माझा हात सोडून डोळे पुसले.

निकाह लागला. पाण्याचे पाऊच उशिरा का होईना आले. शबनम मला पुढं एकदा भेटली तेव्हा सांगत होती की, सासरी पाहुणे आले की तिचे सासरे अजून ती गोष्ट सुरा घेऊन बसलेल्या साहेबांसकट करून दाखवतात. खाऱ्या पाण्याची असं तिला कोणी कधी म्हटलं नाही. खोपडीवाली म्हणतात, आणि तिला ते चालतं.

त्या दिवशी जेवणं झाली, तरी साहेब जेवले नव्हते. मांडवामागं एका पालथ्या ड्रमावर एकटेच बसले होते. मी दोनदा बोलावून आले, तर “भूक नाई” म्हणाले. मग रहीमभाई स्वतः ताट घेऊन आले. बिर्याणीचं ताट त्यांनी साहेबांच्या मांडीवर ठेवलं आणि समोर उभे राहिले.

साहेबांनी पहिला घास घेतला. चावला. थांबले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, हा त्यांचा जन्माचा दोष.

“रहीम,” ते हळूच म्हणाले, “खारट झाली गा.”

“पानी कोनं सांडवलं?” रहीमभाई म्हणाले.

साहेबांनी मान खाली घातली आणि मुकाट्यानं खायला लागले. ताट रिकामं होत आलं की रहीमभाई वरून आणखी वाढत होते.